दोन तास मोफत

४ मार्च, मंगळवार

ही डायरी कंपनीची. दर नवीन वर्षाला एक मिळते आणि दर वर्षी ती मी मुलीला देतो. यंदा मुलगी शिकायला परगावी गेली, म्हणून ही बॅगेतच पडून राहिली. काल कंपनीने मला काढलं, पण डायरी परत मागितली नाही. आहेच हाताशी तर लिहितो.

काल सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शेजारी एचआरची मुलगी बसली होती, पुढ्यात पाण्याचा ग्लास. ग्लास माझ्यासाठी होता हे नंतर कळलं. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासायचं माझं काम. आता ते संगणक करणार, आणि म्हणे माझ्यापेक्षा लवकर करणार. साहेब म्हणाले, "तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही." मी म्हणालो, "बरोबर आहे." काय बरोबर आहे ते मलाच कळलं नाही. पाणी प्यायलो, जागेवर आलो आणि हातातलं खोकं पुरं तपासलं. खोकल्याचं औषध होतं. एक स्वल्पविराम जास्तीचा निघाला.

घरी सांगितलं नाही. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. बायको भाजी निवडत होती, म्हटलं जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर म्हटलं सकाळी सांगू. सकाळी नेहमीसारखी जाग आली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, हिने डबा हातात दिला आणि मी म्हणालो, "येतो. आज मीटिंग आहे." कोणी विचारलं नव्हतं.

गाडी सवयीने कंपनीच्या रस्त्याला लागली. कंपनीच्या अलीकडच्या चौकात घरसामानाचं ते भलंमोठं दुकान आहे, तिथे वळवली. दुकानासमोर पांढरे पट्टे मारलेली मोकळी जागा. भिंतीकडचा कोपरा बघून गाडी लावली आणि संध्याकाळ होईपर्यंत बसलो. मध्ये डबा खाल्ला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी आहे.

५ मार्च

पुन्हा तिथेच. दुसरी जागा सुचली नाही. नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून आत जाऊन भिंतीला लावायचा एक हुक घेतला. आता मी गिऱ्हाईक झालो.

लोक येतात, गाडीत पडदे, बादल्या, शिड्या कोंबतात आणि जातात. एका नवरा-बायकोने टपावर गादी बांधली. नवऱ्याने गाठ मारली, बायकोने ती सोडून पुन्हा मारली. ते बघण्यात वेळ गेला.

घरी आल्यावर ही म्हणाली, "काल मीटिंग होती ना? कशी झाली?" मी म्हटलं, "लांबली. आजही होती."

७ मार्च, शुक्रवार

दुपारी मुलीचा फोन. "बाबा, कुठे आहेस?" म्हटलं, ऑफिसात. तेवढ्यात दुकानातला तो ट्रॉल्या गोळा करणारा माणूस लांबलचक रांग ढकलत गाडीजवळून गेला. "ऑफिसात एवढा खडखडाट?" म्हणाली. "नवीन मशीन आलंय," मी म्हणालो. हे तरी खरं होतं. आलंयच.

आज बल्ब घेतला. कालही घेतला होता. ही म्हणाली, "आपल्याकडे एवढा अंधार आहे का रे?"

११ मार्च, मंगळवार

ट्रॉलीवाल्याने आज काचेवर टकटक केलं. चांगला माणूस आहे, माझ्याच वयाचा, कानात कापूस घालतो.

"साहेब, रोज दिसता. बोर्ड वाचलात का?"

"कुठला बोर्ड?"

त्याने हसून वर बोट दाखवलं. आठवडाभर मी त्या बोर्डाच्याच खांबाला गाडी टेकवून बसलोय.

वर मोठ्या अक्षरात 'फक्त ग्राहकांसाठी. दोन तास मोफत.' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात बाकीचं सगळं. मोठं कोणीही वाचतं. आम्हाला पगार मिळायचा तो बारीक अक्षरांचा. उतरून वाचलं, आमच्या पद्धतीने, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. असं उलटं वाचलं की अर्थात मन गुंतत नाही आणि चूक लगेच दिसते. चूक एकही नव्हती. मग सुलटं वाचलं. जागा दुकानाची, पण सांभाळायला दिलीय एका खासगी कंपनीला. आत येताना आणि बाहेर जाताना कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. दोन तासांच्या वर गाडी राहिली की गाडीमालकाच्या घरच्या पत्त्यावर शुल्क भरायचं पत्र जातं. दंड कुठेही म्हटलेलं नाही, दंड करायचा तो सरकारने. हे शुल्क. ज्याने लिहिलंय तो जाणकार आहे.

"मी रोज काहीतरी विकत घेतो हो," मी म्हणालो. "हुक घेतला, बल्ब घेतले."

"साहेब, हुकावर दोन तास. आख्खं स्वयंपाकघर उचललंत तरी दोनच तास."

म्हणजे घरी पत्र येणार. हिच्या हातात पडलं की सगळं उघडं. भीती वाटली, पण तीही लांबून, शेजारच्या घरात काहीतरी पडावं तशी.

१२ मार्च

आज दोन तास झाल्यावर गाडी बाहेर काढली, चौकाला वळसा घालून परत आलो. कोपरा गेला होता. पार मध्यभागी जागा मिळाली, दोन्ही बाजूंनी माणसं डोकावून जात होती. हे जमणार नाही.

त्यापेक्षा जिन्याखालची पत्रपेटी मीच बघायची असं ठरवलं. ही दातांच्या कवळ्या बनवतात त्या लॅबमध्ये काम करते, बसने येते, म्हणून माझ्या नंतरच पोचते. माझ्या नावाचं काही आलं की सरळ बॅगेत टाकायचं. सोपं आहे.

रात्री जेवताना हिच्या फोनवर गाडीच्या विम्याची आठवण आली. गाडी हिच्याच नावावर आहे. घेतली तेव्हा बाईच्या नावावर कर कमी पडत होता. पण चालवतो मी. तिला बस बरी पडते, असं ती म्हणते.

१७ मार्च, सोमवार

पत्रपेटीत एक जाहिरात, विजेचं बिल आणि एक पांढरं खिडकीचं पाकीट. तेच असणार म्हणून आधी ते उचललं. पण खिडकीतून नाव दिसत होतं ते हिचं. जीव भांड्यात पडला. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही हा आमच्या घरचा नियम, मुलीच्या प्रगतिपुस्तकालाही तो लावला होता. हिचं हिला दिलं.

तिने उभ्याउभ्या फोडलं, वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन अडकत होती की काय, बराच वेळ तिच्याशीच झटत होती.

"काय आहे?" मी विचारलं.

"लॅबचं आहे." मग थोड्या वेळाने, "ऑफिसात काय चाललंय?"

"धावपळ. तिमाही संपत आलीय ना."

"हो का," म्हणाली.

मला वाटतं ते कॅमेरे नुसते दाखवायला आहेत.

२० मार्च, गुरुवार

सकाळी डब्याबरोबर हिने पाठीला लावायची उशी दिली. म्हणाली, "एका जागी बसून बसून पाठ धरते. दर दोन तासांनी उठून एक चक्कर मारून येत जा."

"ऑफिसात कोण उठू देतंय?"

"तरी बघ. दोन तास झाले की ऊठ. गाडीनेच जाऊन ये हवं तर, चहाबिहा पिऊन."

चहा प्यायला गाडीने जा, म्हणे. बायकांना ऑफिसची कल्पना नसते. पण उशी चांगली आहे. दिवसभर बरं वाटलं, म्हणजे पाठीला.

२५ मार्च, मंगळवार

हिची आणखी दोन पाकिटं. दिली.

मी आता बोर्डाखाली निर्धास्त बसतो. इतके दिवस झाले, माझ्या नावाचा एक चिटोरा नाही. पण आमच्या धंद्यात आधीच तयारी ठेवायची सवय. म्हणून गाडीत बसून तक्रारीचा एक कच्चा मसुदा लिहिला. बारीक अक्षरांचा आकार माणसाच्या उंचीवरून वाचण्याजोगा नाही, हा मुद्दा पहिला. गाडीच्या काचेतून बोर्ड दिसत नाही, हा दुसरा. बोर्डावर म्हटलंय की तक्रारीत जास्त वेळ थांबण्याचं कारण द्यावं. तिथे 'खरेदी' लिहिलं, खोडलं. 'प्रकृती' लिहिलं, तेही खोडलं. मग डबा खायची वेळ झाली.

रात्री अंथरूण घालताना ही म्हणाली, "आमच्या लॅबमधल्या एका बाईंना पार्किंगवाल्यांची पत्रं आलीत. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर असते म्हणे. तुला बारीक अक्षरांतलं कळतं. काय करावं त्यांनी?"

मी चादर हातात धरून तसाच थांबलो. मग म्हटलं, दुसऱ्याचं संकट आहे, आपण शांत राहावं. तयार मसुदा डोक्यात होताच. तिला पहिला मुद्दा सांगितला, दुसरा सांगितला. म्हटलं, घाबरू नका म्हणावं, पत्र कंपनीचं आहे, कोर्टाचं नाही. आणि दुकानाच्या मॅनेजरला भेटा, दुकान सांगेल तर कंपनी ऐकते. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. इतक्या दिवसांत कोणी मला कामाचं काही विचारलं नव्हतं.

"आणि थांबण्याचं कारण काय लिहायचं?" म्हणाली.

"ते त्या बाईच सांगतील."

"त्यांनाही नीट माहीत नाही. गाडी त्यांचे मिस्टर नेतात."

"मग मिस्टरांना विचारायचं."

"विचारावं म्हणतोस?"

"मग काय! सरळ विचारायचं."

तिने उशा जागेवर ठेवल्या. मला झोप आली होती. दिवा मालवला. बऱ्याच वेळाने अंधारात म्हणाली, "आणि त्यांनी सांगितलं नाही तर?" मी झोपल्यासारखं केलं. परक्या बाईच्या घरात किती डोकवायचं!

२८ मार्च, शुक्रवार

कोपरा आज रिकामा नव्हता. कुणीतरी मालवाहू टेम्पो आडवा लावला होता. दुसरीकडे लावावीशी वाटेना. पुढे जात राहिलो. त्याच रस्त्याने पुढे नदीवरच्या पुलावर गेलो. पुलावर कडेला गाडी घेतली आणि उतरून उभा राहिलो. खाली पाणी आहे, फार खोल दिसत नाही पण असावं. कठडा गार होता. कितीतरी वेळ उभा होतो. काही विचार करत नव्हतो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवून ओरडला की इथे गाडी लावायला बंदी आहे, तेव्हा निघालो. बंदीचा बोर्ड होता, मोठ्या अक्षरांचा.

घरी यायला उशीर झाला. फोन सायलेंटवर होता, ऑफिसची सवय. हिचे बरेच फोन येऊन गेले होते. ही जिन्याच्या तळाशी उभी, घरातल्या सपाता घालून.

"इथे काय करतेस?"

"कचरा टाकायला आले होते."

हातात बादली नव्हती. म्हटलं आधी ठेवून आली असेल. "कुठे होतास?" म्हणाली. "मीटिंग लांबली," म्हटलं. तिने माझा हात धरला, जिना चढेपर्यंत सोडला नाही. गुडघे दुखत असतील.

३ एप्रिल, गुरुवार

काही नाही. आज दोन हुक.

घरात आता जागा मिळेल तिथे हुक आहेत. हिने एकही शब्द न बोलता सगळे लावले. चाव्या, पिशव्या, छत्र्या, झाडू, सगळं लटकतंय. माझी ऑफिसची बॅगही.

पाकिटं बंद झालीत. हिची लॅबची कामं संपली असावीत.

८ एप्रिल, मंगळवार

आज पार्किंगमध्ये एक गृहस्थ पत्र नाचवत ओरडत होता. टेबल घ्यायला आलो, टेबल तुमच्याकडेच मिळेना, त्यात दोन तास गेले, आणि वर मलाच शुल्क? ट्रॉलीवाल्याने त्याला आत काउंटरकडे पाठवलं.

मग माझ्याकडे आला. "साहेब, तुम्हाला नाही आलं पत्र?"

"नाही."

"एकही?"

"कॅमेरे चालू नसतील."

"चालू नसतील?" त्याने कानातला कापूस काढून पुन्हा घातला. "मागच्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला आलं. ह्याच फाटकातलं. साहेब, गाडी कुणाच्या नावावर आहे?"

तेवढ्यात त्याच्या ट्रॉल्या उतारावरून सरकायला लागल्या म्हणून तो धावला.

गाडी कुणाच्या नावावर आहे ते मला माहीत आहे. मी ते वर कुठेतरी लिहिलंही आहे. मागे जाऊन वाचलं नाही. तो म्हणत होता की आत काउंटरवर नंबर सांगितला तर दुकान पत्र रद्द करून देतं. उद्या जाऊन सांगावा म्हणतो. मग काही प्रश्नच राहणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

हे घरी बसून लिहितोय. हळूहळू लिहितो.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या काउंटरवर गेलो. तिथे एक बाई बसतात, गळ्यात ओळखपत्र, टेबलावर वेलीची छोटी कुंडी. मी म्हटलं, मी नेहमीचा ग्राहक आहे, गाडीचा नंबर नोंदवायचाय. नंबर सांगितला. त्यांनी टाकला आणि थांबल्या.

"ही गाडी आधीच आहे यादीत. मॅनेजरसाहेबांनी घातलीय."

"कोणी सांगितलं घालायला?"

"मॅडम आल्या होत्या ना. सगळी पत्रं घेऊन. पहिली दोन त्यांनी भरूनही टाकली होती." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, शर्टाकडे, बॅगेकडे. "तुम्हीच का ते?"

मी हो म्हणालो की नाही आठवत नाही.

"रडवलं हो त्यांनी आम्हाला. म्हणाल्या, माझे मिस्टर इथे असतात दिवसभर, त्यांना जायला दुसरी जागा नाही. ते कुणाला त्रास देणार नाहीत, त्यांना बसू द्या." आणि एकदम तोंडावर हात. "अगं बाई. त्यांना सांगू नका म्हणाल्या होत्या."

मला लाज वाटली. कान तापले. इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हे. ती पाकिटं मीच जिना चढून हिला नेऊन देत होतो. एकेक. वर विचारत होतो, काय आहे म्हणून. आणि ती लॅबमधली बाई, आणि तिचे मिस्टर. सरळ विचारायचं, असं मी तिला सांगितलं होतं.

तसाच बाहेर आलो. गाडीत बसलो, पण बसवेना. गाडी काढली आणि कामाच्या दिवशी भर सकाळी घरी आलो. दार उघडून आत आलो, बूट काढले आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवरच बसलो. काय करायचं ते सुचत नव्हतं. शेजारी कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. या वेळी आपल्या घरात असे आवाज येतात हे मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने जिन्यात धावण्याचा आवाज आला. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या चढत होतं. चावी कुलपाला लागेना, खरखर खरखर चालली होती. मी उठून दार उघडणार तेवढ्यात उघडलं. ही होती. लॅबचा ॲप्रन तसाच, कोपरापर्यंत हात प्लास्टरने पांढरे, केस सुटलेले. तिने माझ्याकडे बघितलं आणि उंबऱ्याच्या आतच मटकन बसली. धाप लागली होती.

"काय झालं? एवढी धावत कशाला आलीस?"

"फोन," ती म्हणाली. "फोन का नाही उचललास?"

खिशातून काढून बघितला. सायलेंटवर होता.

"त्या काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, माझ्या तोंडून निघून गेलं, ते एक शब्द न बोलता बाहेर गेले, आणि गाडी आता जागेवर नाही. मी त्यांना नंबर देऊन ठेवला होता. एखाद दिवशी गाडी दिसली नाही तर मला कळवा म्हणून. रिक्षा करून तिथे गेले. तू नव्हतास. मग पुढे पुलावर गेले."

"पुलावर कशाला?"

ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. प्लास्टर तिच्या कपाळालाही लागलं होतं.

मी तिच्या शेजारी उंबऱ्याशी बसलो. म्हटलं, आता तरी सांगायला हवं. "माझी नोकरी गेली," मी म्हणालो.

तिने डोळे उघडले. "कधी?" म्हणाली.

तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी तिने असं विचारलं की जणू आत्ताच ऐकतेय. म्हणून सांगितलं सगळं, साहेबांपासून. ते नाव ठेवायला जागा नाही म्हणाले ते, पाण्याचा ग्लास, जास्तीचा स्वल्पविराम. ती मधे मधे "मग?" म्हणत होती. पार्किंगपर्यंत आलो आणि थांबलो, कारण तिथून पुढचं तिलाच जास्त माहीत होतं.

"पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं?" मी विचारलं.

"पत्र नंतर आलं. मला पहिल्या दिवशीच कळलं. मीटिंग आहे म्हणालास. इतक्या वर्षांत तुला कधी कोणी मीटिंगला बोलावलंय?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"नोकरी जाते रे. माझीही गेली होती, मी घरी येऊन भांडी आपटली होती, आठवतंय? मला राग नोकरीचा नाही. नुसतं 'येतो' म्हणून निघाला असतास तरी चाललं असतं. पण रोज दारात उभं राहून काहीतरी रचून सांगायचास, आणि मी डब्याचं झाकण लावत 'हो का' म्हणायचे. रोज मला नाटक करायला लावलंस. त्या परक्या बाईसमोर मी रडू शकले आणि इथे घरात मला नीट बोलता येत नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून गाडी दुसरीकडे लावली असतीस." तिने ॲप्रनला हात पुसले, पण ॲप्रनही तसाच पांढरा होता. "ती पत्रं आली की निदान कळायचं, तू कुठे आहेस ते. फोटो असायचा त्यात. आत येताना, बाहेर जाताना. आठवड्यापूर्वीचा का असेना. मी लॅबमध्ये काढून बघायचे. मग एक दिवस तू रात्रीपर्यंत आलाच नाहीस, आणि पत्र कधी येणार तर आठवड्याने. तेव्हा गेले त्या दुकानात."

"पण मी रोज येतच होतो की घरी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पण रोज मी येऊन दार उघडेपर्यंत मला ते माहीत नसायचं."

तेव्हा मला कळलं ती पुलावर का गेली होती. त्या दिवशी मी कठड्याशी काय करत होतो तेही तेव्हाच कळलं. मला रडू आलं. आवाज करून आलं, शेजारच्या बाई जिन्यातून वर जाताना थबकल्या, आणि हिने बसल्या बसल्या हात लांब करून दार लोटून घेतलं.